आधी खोली, मग शपथ

समाजबंधू-भगिनींनो,


मंडळाच्या मागच्या इमारतीत वरच्या मजल्यावर सहा खोल्या आहेत. एके काळी तिथे बाहेरगावचे मराठी विद्यार्थी राहत. गेली कित्येक वर्षे तिथे मोडक्या खुर्च्या, गणेशोत्सवाचे मखर आणि जुन्या अहवालांचे गठ्ठे राहतात. येत्या सर्वसाधारण सभेपुढे कार्यकारिणीचा प्रस्ताव आहे की त्या खोल्या पाडून तिथे वातानुकूलित हॉल करावा. साखरपुडे, मुंजी, बारशी यांचे भाडे येईल आणि मंडळाची गंगाजळी वाढेल.

मी या प्रस्तावाविरुद्ध मत देणार आहे. का, ते आधीच लिहून कळवतो. सभेत बोलायला तीन मिनिटे मिळतात आणि त्यातले एक मिनिट माइक सुरू होण्यात जाते.

मी बँकेत कारकून आहे. शिक्षण बी. कॉम. भाषण करणे हा माझा प्रांत नाही, पण जमा कुठे आणि नावे कुठे एवढे मला कळते. आणि हे कळते ते ज्यांच्यामुळे, त्यांच्याचविषयी हे पत्र आहे.

डिसेंबर २०२२ ची गोष्ट. शाखा उघडण्याआधी आमच्या एटीएमच्या खोलीत एक माणूस झोपलेला असे आणि गार्ड त्याला काठीने डिवचून उठवी. एके सकाळी तो माणूस उठता उठता म्हणाला, "अहो, जरा दमानं." इंदुरात पहाटे फुटपाथवरून मराठी ऐकू आले म्हणून मी थांबलो. दाढी वाढलेली, पाय सुजलेले, अंगाला वास. पण चेहरा ओळखीचा होता. आमच्या गल्लीतल्या वाड्यात राहणारे काका! मी अकरावीत असताना त्यांनी वाड्याच्या जिन्यावर बसून मला नावे-जमा शिकवले होते. त्यांनी शिकवले नसते तर मी कॉमर्समध्ये टिकलो नसतो.

काका एका कापड गिरणीत हिशेबनीस होते. इंदूरच्या गिरण्या एकेक करून कशा बंद पडल्या ते आपल्याला ठाऊक आहे. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा धनादेश निघायला डिसेंबर २०२३ उजाडला. काका तिथले नव्हते, पण वारे तेच होते. पुढे ते एका खाजगी कारखान्यात लागले. पिणे रात्रीचे होते ते दुपारी आले, दुपारचे होते ते सकाळी आले. घरात मारहाण झाली. काकू मुलीकडे निघून गेल्या आणि योग्यच केले. मग वाडा बिल्डरला गेला, वाटण्या झाल्या, काकांच्या वाट्याचे पैसे दोन वर्षांत संपले. त्यानंतर स्टेशन, राजवाडा, सरकारी दवाखान्याचा व्हरांडा आणि शेवटी आमचे एटीएम.

त्यांच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक होते. प्रॉव्हिडंट फंडाची लहानशी पेन्शन त्यात येत असे, ती थांबली होती. हयातीचा दाखला दिलेला नव्हता. खाते बंद पडले होते, कारण केवायसी झालेली नव्हती. केवायसी होत नव्हती, कारण पत्त्याचा पुरावा नव्हता. आधार कार्डावरचा वाडा जमीनदोस्त झालेला! आता हा हिशेब बघा. पत्ता नाही म्हणून केवायसी नाही. केवायसी नाही म्हणून खाते नाही. खाते नाही म्हणून पेन्शन नाही. पेन्शन नाही म्हणून भाड्याची खोली नाही, आणि खोली नाही म्हणून पत्ता नाही. तेवीस वर्षे मी काउंटरवर बसून लोकांना "पत्त्याचा पुरावा आणा" म्हणत आलो. ज्याला पत्ताच नाही त्याच्या कानाला ते वाक्य कसे लागत असेल, हा विचार माझ्या मनात तोवर आला नव्हता.

मग आम्ही चार जण एकत्र आलो. मी, माझी पत्नी, शाखेतला एक सहकारी आणि समाजातल्या एक निवृत्त परिचारिका ताई. आणि आपण सगळे जे करतो तेच आम्ही आधी केले. काकांना खजराण्याला नेले, गणपतीसमोर शपथ घ्यायला लावली आणि एका व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर ठेवले. महिन्याने काका बरे होऊन बाहेर आले. बाहेर म्हणजे कुठे? त्याच फुटपाथवर. तिसऱ्या दिवशी प्यायले. आम्ही रागावलो, पुन्हा शपथ घेतली, पुन्हा महिनाभर ठेवले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी "आता या माणसाचे नाव काढू नका" म्हणालो तेव्हा ताई म्हणाल्या, "अहो, तो रात्री झोपणार कुठे ते आधी सांगा, मग शपथा घ्या. थंडीत उघड्यावर पडणारा माणूस प्यायल्याशिवाय झोपेल का?"

जून २०२३ मध्ये आम्ही एका जुन्या वाड्यात महिना साडेतीन हजार भाड्याने त्यांना खोली घेऊन दिली. नियम तीनच. भांडण नाही, खोलीत दुसऱ्या कोणाला ठेवायचे नाही, आणि ताई आठवड्यातून दोनदा येतील तेव्हा दार उघडायचे. "दारू सोडली तरच" हा नियम नाही. संध्याकाळच्या डब्यासाठी सात घरांनी एकेक वार घेतला. ही काही आमची नवी कल्पना नव्हे. आपल्या आजोबांच्या पिढीतली किती तरी मुले वार लावून जेवली, कोणाच्या तरी माडीवर राहून शिकली आणि पुढे वकील-मास्तर झाली. वारावर जेवणाऱ्या मुलाला "आधी परीक्षा पास हो, मग ताट वाढतो" असे कोणी म्हणत नसे.

खोटे लिहीत नाही. पहिले सात महिने काका त्या खोलीत पीत होते. शेजारी कुजबुजत होते, माझ्या तोंडावर लोक हसत होते. पण त्या सात महिन्यांत भाडेकरार नोंदवला गेला, आधारवरचा पत्ता बदलला, केवायसी झाली आणि पेन्शन सुरू झाली. पायाच्या जखमा भरल्या. पिणेही हळूहळू सकाळचे दुपारवर आणि दुपारचे रात्रीवर गेले, म्हणजे ज्या वाटेने आले होते त्याच वाटेने मागे. जानेवारी २०२४ मध्ये काका आपणहून ताईंना म्हणाले, "मला ॲडमिट करा." या वेळी केंद्रातून सुटल्यावर जायला खोली होती आणि खिशात तिची किल्ली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये एकदा पाय घसरला, अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत आम्ही खोली काढून घेतली नाही. त्यानंतर आजतागायत थेंब नाही. ते आता एका किराणा दुकानाचे हिशेब लिहितात आणि खोलीच्या भाड्यातला अर्धा वाटा स्वतः भरतात.

मी एकदा विचारले, काका, फरक कशाने पडला? म्हणाले, "रात्री दार आतून लावता येतं. त्यामुळे दिवसा विचार करता येतो."

एका माणसावरून नियम काढू नये, हे मलाही कळते. म्हणून जगात काय घडले ते पाहा. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने रस्त्यावरच्या लोकांना कोणतीही अट न घालता आधी घर आणि मग हवे ते उपचार, अशी रीत सुरू केली. सिएटल शहरात २००५ च्या सुमारास पंचाहत्तर खोल्यांची एक इमारत खास अशा लोकांसाठी उघडली, जे वर्षानुवर्षे दारूत बुडालेले आणि रस्त्यावर होते. खोलीत पिण्याला बंदी नव्हती. त्यावरचा अभ्यास २००९ साली अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. घर मिळण्याआधी या माणसांवर तुरुंग, रुग्णवाहिका, इस्पितळ असा सार्वजनिक पैसा दरमहा माणशी ४,०६६ डॉलर जात होता. सहा महिन्यांनी तो १,४९२ आणि वर्षाने ९५८ झाला. हे आकडे मध्यकाचे आहेत, आणि घराचा खर्च धरूनही बचतच झाली. रोजचे पेले पंधराच्या वर होते, ते वर्षभरात साडेदहाच्या आसपास आले. दारू सुटली का? बहुतेकांची नाही. पण कमी झाली, आणि तीसुद्धा कोणी बंदी न घालता.

फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केले. हेलसिंकीतले जुने रात्रनिवारे बदलून तिथे भाड्याची छोटी घरे केली. त्या देशात १९८७ साली अठरा हजारांच्या आसपास बेघर होते, ते २०२३ पर्यंत चार हजारांच्या आत आले. त्यानंतर आकडा पुन्हा थोडा वर गेला, तेही सांगतो, कारण लबाड ताळेबंद मी लिहीत नाही. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांवर लोकांना घेऊन हाच प्रयोग केला. तिथे दिसले की घर दिल्याने माणूस घरात टिकतो हे नक्की, पण नुसत्या घराने व्यसन सुटेलच असे नाही. त्यासाठी सोबत लागते. म्हणून मी नुसते घर म्हणत नाही, आधाराचे घर म्हणतो. खोली, जेवण, विचारपूस करणारे माणूस आणि हाकेवर डॉक्टर.

परदेशाचे सोडा म्हणाल, तर आपल्याकडे बघा. चेन्नईची 'द बनियन' ही संस्था २०१५ पासून मानसिक आजार असलेल्या निराधार स्त्रियांना चौघी-पाचजणी मिळून साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात ठेवते, मदतीला एक बाई असते. महाराष्ट्रात रत्नागिरीलाही हे काम पोचले आहे. पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' उभे केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला हातभार लावला. दारुड्याला गुन्हेगार न समजता माणूस समजावे, हे मराठी माणसाला त्या घराने शिकवले. आपण पु. लं.च्या कॅसेटी ऐकल्या, ही शिकवण मात्र घेतली नाही.

आता आपल्या गावाकडे या. २९ जानेवारी २०२१ ही तारीख इंदूरकराने विसरू नये. त्या दिवशी, भर थंडीत, नगर निगमच्या गाडीतून रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना पोत्यासारखे भरून देवास रोडवर शिप्रा गावापाशी नेऊन उतरवले. गावकऱ्यांनी अडवले, व्हिडिओ काढला, तेव्हा त्यांना पुन्हा गाडीत कोंबून परत आणले. एका उपायुक्ताला निलंबित केले, कलेक्टरांनी खजराण्याच्या गणपतीची क्षमा मागितली. सलग चार वर्षे देशातले सर्वात स्वच्छ शहर ठरलेल्या इंदुरात हे घडले. आपल्या मंडळाने त्या वेळी निषेधाचा ठराव केला. मी स्वतः हात वर केला होता. पण त्या म्हाताऱ्यांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न आपल्यापैकी एकानेही विचारला नाही. गाडीवाल्यांनी जे एका दिवसात केले ते आपण वर्षानुवर्षे नजर फिरवून करतो.

कायद्याचे म्हणाल, तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वाचा. दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थिती त्या कायद्याने मानसिक आजारात धरली आहे. कलम १८ मध्ये सरकारने पुरवायच्या सोयींत आधारासह निवास आहे. कलम १९ म्हणते की घरच्यांनी नाकारले किंवा बेघर आहे, एवढ्याच कारणाने कोणाला संस्थेत डांबून ठेवता येणार नाही. कायदा आहे, घरे कुठे आहेत? २०११ च्या जनगणनेत देशात पावणेअठरा लाख लोक बेघर मोजले गेले. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसले की दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांत एखाद्यालाच काही ना काही उपचार मिळतात. सरकार मात्र दुकाने उघडणे आणि बंद करणे एवढाच खेळ खेळते. १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांचे आहाते बंद झाले, १ एप्रिल २०२५ पासून उज्जैनसह एकोणीस धार्मिक गावांत दुकाने बंद झाली. बंदीने पिणारा सुधारतो असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या वडोद्याच्या नातेवाइकांना विचारावे. गुजरात राज्य १९६० साली झाले तेव्हापासून तिथे दारूबंदी आहे.

आता आक्षेप. ते मला पाठ झाले आहेत.

"खोली दिली तर भाड्याचे पैसे वाचतील आणि तो जास्त पिईल." फुटपाथवर राहणारा माणूस भाडे भरतो का? वाचणार काय? उलट पेन्शन सुरू झाल्यावर काका त्यातून भाडे देऊ लागले.

"आधी आजच्या आज सोडू दे, मग बघू." वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर हातपाय कापतात, झटके येतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भलतेसलते दिसू लागते आणि उपचार नसतील तर माणूस मरतोही. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय असा आग्रह धरणे हा नीतीचा आग्रह नव्हे, जिवाशी खेळ आहे.

"घरच्यांनी सांभाळावे." हा आक्षेप घेणारे बहुधा पुरुष असतात. ज्या बाईने वीस वर्षे मार खाल्ला तिने दार पुन्हा उघडावे, असे सांगायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? 'एकच प्याला' पाहून सिंधूसाठी रुमाल ओले करायचे आणि आपल्या गल्लीतल्या सिंधूला मात्र सुधाकराला घरात घे म्हणायचे! आधाराचे घर असेल तर तिचे दार बंद राहू शकते आणि तोही रस्त्यावर मरत नाही.

"आवारात बायका-मुले येतात." हा आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावत नाही. मागच्या इमारतीला गल्लीच्या बाजूने वेगळा जिना आहे. रात्रीचा एक माणूस पगारी ठेवावा लागेल, हिंसाचार करणाऱ्याला जागा देता येणार नाही. हे नियम लिहून काढू. पण लग्नाच्या रात्री पार्किंगमध्ये बाटल्या कोण रिकाम्या करते, तेही एकदा लिहून काढू.

"आपल्या लोकांपुरते ठीक, पण मग सगळेच येतील." सहा खोल्यांत सगळे कसे येतील? आणि आपण कोणाचे नाव सांगतो? अहिल्यादेवींचे! २०२५ साली त्यांची त्रिशताब्दी आपण ढोल-ताशांनी साजरी केली. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्या माउलीने घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे उभी केली, ती मराठी माणसापुरती नव्हती. त्यांच्या राज्यात वाढलेल्या समाजाच्या मंडळाने सहा खोल्या पाडून वातानुकूलित हॉल बांधावा आणि त्याला "अहिल्या सभागृह" नाव द्यावे, यासारखी थट्टा नाही.

आता मूळ मुद्दा. काका राहतात तो वाडाही विकला गेला आहे. मालकीणबाईंनी सभ्यपणे चार महिन्यांची मुदत दिली आहे. दुसरी खोली आम्ही शोधतो आहोत. "कोण राहणार? काय करतात? आधी कुठे राहत होते?" या तिसऱ्या प्रश्नाशी प्रत्येक दार बंद होते. त्यात आपल्या समाजाची दारे सर्वात आधी बंद झाली, हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. काका काही बोलत नाहीत. फक्त त्यांनी पासबुक, आधार कार्ड आणि भाडेकरार पुन्हा त्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवले आहे. ती पिशवी मला बघवत नाही.

म्हणून सभेपुढे माझा ठराव असा:

१. वरच्या मजल्याच्या सहा खोल्या पाडू नयेत. त्यांची दुरुस्ती करून तीन वर्षे प्रयोग म्हणून आधाराचे घर चालवावे.

२. प्रवेशाला दारू सोडल्याची अट नसावी. वागणुकीचे नियम असावेत आणि ते सर्वांना सारखे असावेत.

३. सभासद घरांनी वार लावावेत. एका घराला आठवड्यातून एकच डबा.

४. डॉक्टर, परिचारिका आणि बँकेची कामे जाणणारा एक माणूस यांची समिती असावी. तिसऱ्या कामासाठी मी माझे नाव देतो. हिशेब दर तिमाहीला याच पत्रकात छापावा.

५. निवडणुकीत आपल्या दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, एकच प्रश्न विचारावा: रैन बसेऱ्यातली एका रात्रीची जागा ठीक, पण राहण्याची खोली कधी? दर वेळी आपण ओटा, पेव्हर ब्लॉक आणि स्वागत-कमान मागतो आणि मिळते म्हणून खूश होतो. मराठी मतांची किंमत एवढीच का?

हॉलचे भाडे बुडेल, हे मला मान्य आहे. कार्यकारिणीने ते उत्पन्न कागदावर मांडले आहे आणि बेरीज बरोबर आहे. पण माझ्या गुरूने जिन्यावर बसून मला पहिलाच धडा दिला होता की प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात. एक बाजू लिहून दुसरी सोडली की वही जुळत नाही. हॉलच्या वहीत काकांची नोंद कुठे आहे, एवढे कार्यकारिणीने सभेत दाखवावे. दाखवता आले तर मी माझा ठराव मागे घेईन.

सर्वांनी सभेला यावे, आणि घरातल्या बायकांना सोबत आणावे. या विषयावर त्यांचे मत आपल्यापेक्षा जास्त किमतीचे आहे.

आपला,
एक सभासद, बँक कर्मचारी
इंदूर